दोनदा वाजणारी डबी

सुरतेत बमरोलीच्या खडखडत्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, वीस वर्षं काढलेला माणूस लगेच ओळखू येतो. तो मोठ्याने बोलतो, आणि दुसरा बोलत असताना त्याच्या ओठांवरची नजर हलवत नाही. दगाभाऊ पाटलांनी यातली पहिली सवय मोडून काढली होती. ते इतकं हळू बोलत की नानपुऱ्यातल्या भाईदासच्या दुकानात येणारी गिऱ्हाइकं त्यांना फार सभ्य समजत. खरी गोष्ट अशी की बहिऱ्याला त्याचा चढलेला आवाजच उघडा पाडतो, हे दगाभाऊंनी शेडमधल्या म्हाताऱ्या कारागिरांकडे बघून ओळखलं होतं. त्यांचा डावा कान पार गेला होता. उजव्यात थोडी धुगधुगी होती. त्यावर आणि दुसऱ्यांच्या ओठांवर ते निभावून नेत होते.

साक्री तालुक्यातून ते सुरतेला आले तेव्हा अठरा वर्षांचे होते. आधी लूम चालवले, मग लूमचे फिटर झाले. तुटलेला कुठलाही पार्ट ते कानशीने घासून नवा करत. भाईदासची बंदुकीची दुकानदारी आजोबांपासूनची, विक्रीचा, दुरुस्तीचा आणि सुटे भाग बनवायचा, सगळे परवाने भिंतीवर फ्रेममध्ये लावलेले. एकदा त्याला एका जुन्या बंदुकीची स्प्रिंग कुठे मिळेना. कुणीतरी दगाभाऊंचं नाव सुचवलं. दगाभाऊंनी दुकानात बसून दुपारभरात स्प्रिंग वळून दिली. भाईदासने ती चार वेळा दाबून पाहिली आणि म्हणाला, “काल सवारथी इथेच या,” म्हणजे उद्या सकाळपासून. त्याला आता चार वर्षं झाली होती.

पंचाण्णवच्या उन्हाळ्यात दुकानात रघुनाथ काटकर आले. हे सातारकडचे, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आणि शहरातल्या रायफल क्लबात नेमबाजी शिकवणारे. क्लबाकडे .२२ची एक परदेशी रायफल होती. दर गोळीला चाप दाबायचा, पण गोळी सुटली की रिकामं टरफल आपोआप बाहेर पडून पुढचं काडतूस आत जायचं. काडतुसं ठेवायची मॅगझिन म्हणजे खालून बसणारी एक चपटी डबी. मूळच्या डब्या प्लास्टिकच्या होत्या. सुरतेच्या उन्हात आणि मुलांच्या हातांतून पडून त्या एकेक करून तडकल्या. बाहेरून नव्या मागवायच्या तर कागदपत्रांत वर्ष जाणार.

“पोलादाच्या दहा करून द्या,” काटकर म्हणाले. “सुंदर नकोत. पडल्या, तापल्या, धुळीत लोळल्या तरी चालल्या पाहिजेत.”

दगाभाऊंना असं काम म्हणजे सण. दीड महिन्यात त्यांनी दहा डब्या उभ्या केल्या. मग सुरू झाली परीक्षा, आणि ती त्यांनी स्वतःच्या डोक्याने ठरवली. प्रत्येक डबी कमरेइतक्या उंचीवरून फरशीवर पाडायची, उभी, आडवी, कोपऱ्यावर. दुपारभर पत्र्यावर तापवायची आणि लगेच पाण्यात टाकायची. बारीक रेतीत आणि कापसाच्या तुसात घोळवायची. लूमच्या चौकटीला आठवडाभर बांधून ठेवता आली असती तर त्यांना फार बरं वाटलं असतं. लूमचा हादरा सोसला की जगात काही भ्यायचं उरत नाही, असं त्यांचं मत. पण बंदुकीचा एवढासा तुकडाही दुकानाबाहेर जाता कामा नये, ही भाईदासची सक्त ताकीद. म्हणून त्यांनी डब्या दुकानातल्याच ग्राइंडरच्या बाकाला बांधल्या आणि तो दिवसभर रिकामा फिरवला. शेजारचा चष्मेवाला तक्रार घेऊन आला. दगाभाऊंनी त्याला चहा पाजला.

खरी काडतुसं परवान्यावर मोजून मिळतात, ती परीक्षेत उडवायची कशी? म्हणून दगाभाऊंनी पितळेची खोटी काडतुसं बनवली, दारूशिवाय, पण मापाला तंतोतंत. ती डबीत भरायची, काटकरांनी मापासाठी दुकानात ठेवलेल्या रायफलला डबी लावायची, हाताने खटका ओढून एकेक बाहेर काढायची, पुन्हा भरायची. त्यांच्या अंगठ्याचं कातडं दोनदा सोललं. सगळं नीट चाललं होतं.

क्लबाच्या मैदानावर मात्र दहातल्या तीन डब्या अडल्या. नेहमी नाही, मधूनच. आठ गोळ्या सरळ जात आणि नववी आत तिरपी होऊन बसे. काटकरांनी रायफल मोकळी केली आणि डब्या परत रुमालात बांधल्या. परतताना स्कूटर थांबवून भाईदासने आपल्या गुजराती-मराठीत विचारलं, “दगाभाई, हाताने भरताना अवाज जुदो आला नाही? मने तो आज संभळायो, ऐकू आला. भरतानाच.”

“नाही,” दगाभाऊ म्हणाले.

ते खोटं नव्हतं. पण त्या रात्री भाकरी मोडताना त्यांच्या मनातून तो प्रश्न जाईना. डबीत दोष असेल तर तो त्यांच्या हाताला सापडायला हवा होता. तो हाताला न सापडता कानाला सापडत असेल, तर ते या कामाला नालायक होते. आणि हे भाईदासला कळलं, तर परत बमरोली, परत लूम, उरलेला अर्धा कानही तिथेच ठेवायचा.

पुढचे पंधरा दिवस त्यांनी कुणाशी धड गप्पा मारल्या नाहीत. तिन्ही डब्या खोलून जोडल्या, स्प्रिंगा बदलल्या, पत्र्याच्या कडा भिंगाखाली पाहिल्या. काही फरक पडला की नाही, तेही त्यांना कळेना, कारण चूक पकडायला ती कानावर पडायला हवी होती. जेवणाचा डबाही ते घरी विसरून जाऊ लागले.

तो डबा घेऊन त्यांच्या पत्नी मालतीबाई दुकानात येऊ लागल्या. त्या बारा वर्षं बॉबिन भरायच्या कामाला होत्या. ते युनिट गेल्या दिवाळीला शहराबाहेर सचिन गावाकडे हललं आणि रोजचं जाणं-येणं न परवडल्याने त्या घरी बसल्या होत्या. मुलगी रंजना लग्न होऊन अंमळनेरला. घरात दोनच माणसं, त्यातलं एक दिवसभर बाहेर. नवरा जेवत असताना त्या बाकासमोरच्या स्टुलावर बसत. पण नुसतं बसणं त्यांच्या हातांना माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक डबी ओढली, पितळी काडतुसांचा वाडगा जवळ घेतला आणि भरायला लागल्या. दगाभाऊ भाकरीचा घास हातात धरून बघत राहिले. त्यांना एक डबी भरायला लागे तेवढ्या वेळात बाईंनी दोन भरल्या.

भाईदास कलेक्टर कचेरीत गेला होता. मालतीबाईंनी दहाही डब्या भरल्या, रिकाम्या केल्या, परत भरल्या. मग एक बाजूला सारली.

“हाई डबी दोनदाव वाजस,” त्या अहिराणीत म्हणाल्या.

दगाभाऊ खाली बघून जेवत होते. त्यांना ते कळलं नाही. बाईंनी बाकावर टकटक केलं, त्यांची मान वर येईपर्यंत थांबल्या आणि पुन्हा म्हणाल्या, “बाकीन्या एकच ठक करतस. हाई ठक-ठक करस.”

“मले ठाऊक शे,” दगाभाऊ म्हणाले.

“तुमले काय ठाऊक शे? तुमले ऐकू येस नही.”

दगाभाऊंनी आधी दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. “कोन म्हने?”

“कोनी सांगाले काबर पाहिजे? मी तुमना घरमा ऱ्हास. मांगेतून हाक मारी तर तुम्ही वळतस नही. सात वरीस व्हई गयात.”

सात वर्षं. दगाभाऊ मनातल्या मनात मागे गेले. सात वर्षं ही बाई चुलीपाशी असली तरी उठून समोर येऊन बोलत होती. रस्त्याने चालताना ती आपसूक उजवीकडे येत होती. लोकांत कुणी काही विचारलं की तेच वाक्य ती जरा फिरवून, त्यांच्याकडे तोंड करून पुन्हा बोलत होती, आणि ते समजत होते की हिला सगळं दोनदा बोलायची खोड आहे. एकदा तर त्यांनी तिला त्यावरून चिडवलंही होतं. शरम होती, पण तिच्याखाली दुसरंच काही होतं, आणि ते शरमेपेक्षा मोठं होतं.

“आते सांगा,” बाई म्हणाल्या, जणू मधलं काही झालंच नाही, “हाई दोनदाव काबर वाजस?”

मग दोघं त्या डबीवर वाकले. बाई एकेक काडतूस सोडत आणि ‘ठक-ठक’ झालं की बोट वर करत. बोट वर झालं की दगाभाऊ तिथेच थांबवून आत बघत. सहाव्यांदा त्यांना दिसलं. .२२च्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली बारीक किनार असते. वरच्याची किनार खालच्याच्या किनारीमागे उतरत होती, आणि दोन्ही एकमेकांत अडकून बसत होती. सुताएवढी जागा होती, पण तेवढी पुरे.

“काठन्या थाळ्यासनं बी असंच,” बाई म्हणाल्या. एकात एक उलट्यासुलट्या ठेवल्या तर काठ काठात बसतो आणि वरची थाळी ओढली की खालची बरोबर येते, हे त्यांनी हाताने करून दाखवलं.

संध्याकाळपर्यंत उरलेल्या दोन दोषी डब्यांतली मधूनच होणारी ठक-ठकही बाईंच्या कानाने सापडली. दगाभाऊंनी आतल्या अंगाने एक अरुंद पट्टी बसवली, म्हणजे काडतुसाला मागे सरकायला जागाच राहू नये. मग बाईंनी पुन्हा भरलं. ठक. ठक. ठक.

भाईदास परतला तेव्हा त्याला स्टुलावर मालतीबाई दिसल्या आणि बाकाशी उभे दगाभाऊ. दगाभाऊंनी बरंच काही ठरवून ठेवलं होतं, पण तोंडातून निघालं ते एवढंच, “भाईदासशेठ, मला ऐकू येत नाही. डाव्याने काहीच नाही. चूक हिने पकडली.”

भाईदासने त्यांच्याकडे, मग बाईंकडे, मग डब्यांकडे पाहिलं. “केटला वखतथी?”

“तुमच्याकडे आलो त्याच्याही आधीपासून.”

“अने मने आज सांगता?” भाईदास म्हणाला. तो ओरडला नाही, पण दुखावला होता. चार वर्षं ज्याच्याबरोबर एका बशीतून चहा प्यायला त्याने एवढी गोष्ट लपवावी, हे त्याला लागलं. दोन दिवस त्याने कामापुरतंच बोलणं ठेवलं आणि चहा आपला एकट्याचा मागवला. दगाभाऊंनी आपली कानशी, आपला चिमटा, घरून आणलेली हत्यारं एका पिशवीत भरून ठेवली, जाताना शोधाशोध नको म्हणून.

तिसऱ्या दिवशी भाईदास पिशवीला अडखळला. त्याने ती उघडून पाहिली आणि हत्यारं एकेक करून परत बाकावर मांडली. “भाभींना सोमवारथी आववा कहेजो,” तो म्हणाला, पण शेल्फकडे तोंड करून. दगाभाऊंना कळलं नाही. ते तसेच उभे राहिले. भाईदासच्या लक्षात आलं, तो वळला, समोर येऊन उभा राहिला आणि तेच वाक्य सावकाश पुन्हा बोलला: भाभींना सोमवारपासून यायला सांगा.

दुसऱ्या खेपेला क्लबाच्या मैदानावर मालतीबाईही आल्या. पदर खोचून, नवी चप्पल घालून. काटकरांनी क्लबाच्या साठ्यातून दोनशे काडतुसं बाजूला काढली होती. कानांवर लावायला त्यांनी सगळ्यांना गाद्या लावलेली आवरणं वाटली. दगाभाऊंना दिली तेव्हा त्यांनी ती बायकोच्या डोक्यावर चढवली, आधी लावलेल्या जोडीच्या वरून.

“अहो, वहिनींना आहेत. ती तुमची,” काटकर म्हणाले.

“माझ्या कानांत आता राखण्यासारखं काय आहे?” दगाभाऊ म्हणाले. “हिचे जपा. आमचं दुकान त्यावर चालायचं आहे.”

काटकर हसले, पण त्यांनी दुसरी जोडी आणून दगाभाऊंच्या कानांवरही बसवलीच. मैदानाचा तो नियम होता.

मग दहाही डब्या एकामागून एक लागल्या. दगाभाऊंनी नेम धरायच्या लाकडी मेजावर तळहात टेकला आणि प्रत्येक गोळीचा धक्का हातानेच मोजला. मालतीबाई डोळे मिटून बसल्या होत्या. दोनशे गोळ्या गेल्या, एकही अडली नाही. शेवटची डबी काटकरांनी साठ्यातली आणखी काडतुसं भरून मुद्दाम दगडावर आपटली, चिखलात दाबली, पुसली आणि पुन्हा लावली. तीही रिकामी झाली.

“वहिनी, एक मारता का?” काटकरांनी विचारलं.

मालतीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा मान हलवत होता, मार म्हणून. काटकर शेजारी बसले, खांदा कसा टेकवायचा ते दाखवलं. गोळी कागदाला लागलीच नाही, मागच्या मातीच्या बांधात गेली. बाईंनी रायफल हळूच खाली ठेवली. “भरनं बेस शे यान्हापेक्षा,” त्या म्हणाल्या, आणि काटकरांना त्याचा अर्थ दगाभाऊंनी मराठीत करून सांगितला.

पुढे बडोद्याच्या एका क्लबाने तशाच वीस डब्या मागवल्या. दुकानात बाकाशेजारी दुसरं स्टूल कायमचं आलं. भाईदासच्या नोंदवहीत ‘तपासणार’ या रकान्यात मालतीबाई सही करत. सही म्हणजे एकेक अक्षर सुटं, सावकाश काढलेलं आपलं नाव, चौथीपर्यंत शिकल्या होत्या तेवढ्यावर. अठ्ठ्याण्णवमध्ये भाईदासने आग्रह करून दगाभाऊंना कानाचं यंत्र घेऊन दिलं. त्यांनी ते आठवडाभर लावलं. रिक्षांचे भोंगे, चष्मेवाल्याची तक्रार, पंख्याची घरघर, सगळं एकदम कानात शिरलं, आणि ते कंटाळून यंत्र काढून ठेवू लागले. संध्याकाळी जेवायला बसताना मात्र ते लावत. मालतीबाईंना भाकरी थापताना काहीबाही गुणगुणायची सवय आहे, हे कान चालत होते तेव्हाही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं, ते लग्नानंतर सव्वीस वर्षांनी कळलं होतं, आणि त्या गाण्यातलं एकही कडवं बाईंना पुरतं येत नाही, हेही.