सुकरूची निळी चप्पल

हे मी आजवर कोणाले सांगितलं नाई. बायकोले नाई, देवाले नाई — अन् देवाले काय सांगायचं, तो तलावाच्या पाळीवर, बांधावरच्या पिंपळाखाली बसून सगळं पाह्यतच होता. तुले सांगून राह्यलो, कारण तू आमच्या गावचा नाईस. तुझं तोंड मले रोज सकाळी पाह्यावं लागणार नाई.

तसा मी भेकड नाई बरं. उलट भांडखोर म्हणतात मले. आम्ही ढीवर, नागभीडकडच्या एका तलावावर आमचं पोट. मच्छीमार सोसायटीचा मी अध्यक्ष, अन् सभेत सर्वात मोठा आवाज माझाच. दोन वर्षांपासून आम्ही तलावात हरवलेली जाळी काढून राह्यलो — तंगुसाची, म्हणजे नायलॉनच्या बारीक धाग्याची, बुडलेल्या खोडाले अडकलेली, कोणी तोडून सोडलेली. मालक घरी जेवून झोपते, पण जाळं पाण्यात आपलं काम करतच राह्यते. मासोळी फसते, सडते, तिच्या वासानं दुसरी येते, तीही फसते. म्हणून डोंग्यात बसून लोखंडी आकडा तळातून ओढत जायचा, अन् लागलं तं वर खेचायचं.

या कामासाठी शाळेत माझा सत्कार झाला. शाल देली. मास्तरीणबाई म्हणाल्या, दसरथभाऊले जाळं कुठी आहे हे नुसतं पाणी पाहून समजते. लोक हसले. मीही हसलो. बापा रे, काय हसलो मी!

कसं समजते मले? थांब — आधी चपलेचं सांगतो.

जाळ्याची वरची दोरी तरंगली पाह्यजे, म्हणून आमच्याकडं तिले जुन्या रबरी चपलेचे तुकडे बांधतात. जो तो आपलीच चप्पल कापून बांधते, म्हणून चपलेवरून जाळं कोणाचं हे सगळ्या गावाले समजते. सुकरू माझा साळा, बायकोचा मोठा भाऊ. त्याचे पाय एवढे लांब की मापाची चप्पल सापडता सापडत नसे. एकदा वडश्याच्या बाजारातून त्यानं निळी, जाड तळाची आणली. गावात तशी दुसरी नव्हती. टाचेजवळ बिडीच्या चटक्याचा काळा डाग. अंगठा तुटला तशी मलेच आणून देली. "घ्या जवाई, माह्या एका पायात तुमचं अख्खं जाळं तरंगते," म्हणाला. असा हसरा माणूस. ती कापून मी एका नव्या जाळ्याले बांधली; ते जाळं गावानं अजून पाह्यलं नव्हतं.

आमच्या सोसायटीचा नियम आहे — आषाढ-श्रावणात मासोळी अंडी देते, तेव्हा कोणीच जाळं टाकायचं नाई. या नियमासाठी, सात-आठ वर्षं झाली असतील, सभेत मीच सर्वात जास्त ओरडलो होतो. अन् त्याच श्रावणात, एका सकाळी, ते बारीक डोळ्याचं नवं जाळं घेऊन मीच पाण्यात उतरलो. काऊन? घरी पाहुणे नव्हते. उपाशीही नव्हतो. तलाव भरला होता, मासोळी उड्या मारत होती, हात शिवशिवले. बस, एवढंच.

जाळं शिंगाडे लावतात त्या बाजूले एका बाभळीच्या खोडात अडकलं. ओढलं, येईना. पुन्हा ओढलं. तेवढ्यात पाळीवरून कोणीतरी येताना दिसलं — अन् मी विळ्यानं दोरी कापली अन् मोकळ्या हातानं घरी आलो. उद्या काढू म्हटलं. मग परवा म्हटलं. डोंगा पाह्यजे, जोडीले माणूस पाह्यजे, अन् माणूस विचारणार ना, दसरथ, हे कोणाचं? असं करता करता दसरा झाला.

दसऱ्यानंतर शिंगाडे तोडायले बाया पाण्यात उतरतात. बेबीबाई छातीभर पाण्यात होती. एकदम ओरडली अन् खाली गेली. वर आली, पुन्हा गेली. पाळीवर दहा माणसं उभी होती, कोणाले काहीच समजलं नाई. मले समजलं. मी विळा घेऊनच धावलो — माझ्याशिवाय कोणाले माहीत होतं विळा लागणार म्हणून? तिच्या पायाले तंगूस मांसापर्यंत रुतला होता. कापला अन् तिले ओढून काढलं. ती वाचली. आजही थोडी लंगडते. दर साली पहिल्या तोडीचे शिंगाडे टोपलीभर माझ्या घरी आणून देते, "तुमच्यानं जिवंत हावो भाऊ," म्हणते. मी घेतो ते शिंगाडे. सोलून खातो.

तिच्या पायासोबत जाळ्याचा एक तुकडा वर आला होता. त्याले दोन निळी बुचं — चपलेचे तुकडे.

संध्याकाळी पिंपळाखाली सभा बसली. कोणाचं जाळं? बुचं हातोहात फिरली. अजून कोणी तोंड उघडलं नव्हतं तं मीच बोललो. "हे तं सुकरूच्या चपलेचं हाये."

खोटं होतं का? नव्हतं. चप्पल त्याचीच होती. लोक मले विचारत होते जाळ्याचं, अन् मी सांगितलं चपलेचं. इतकी बारीक चलाखी मले त्या वेळी कुठून सुचली, देव जाणे.

सुकरू उभा राह्यला. आधी माझ्याकडं पाह्यलं. मग बायांमध्ये बसलेल्या आपल्या बहिणीकडं. "हाव, चप्पल माहीच हाये," म्हणाला, अन् खाली बसला. माझं नाव घ्यायले त्याले कितीसा वेळ लागला असता? बहिणीचं घर राखलं त्यानं. अन् मी? मी जाळ्याच्या गाठी मोजत बसलो, मान खाली घालून.

तलावात जाळं टाकायची त्याच्यावर बंदी आली. शेत नाई, वाडी नाई. दुसऱ्या साली मिरची तोडणाऱ्या टोळीसोबत बायको घेऊन तेलंगणात गेला, तिकडचाच झाला. मासोळीच्या माणसानं मिरच्या तोडल्या.

गेल्या उन्हाळ्यात मी डोंगा सरळ त्या खोडावर नेला. आकडा टाकला, पहिल्याच ओढीत जाळं आलं; लोकाइले वाटलं, पाणी पाहूनच समजलं मले. आत कासवाची रिकामी पाठ, बगळ्याची हाडं, अन् निळे तीन तुकडे. एकावर बिडीचा डाग. तो मी गुपचूप खिशात टाकला — अन् विसरलो. धुण्याच्या वेळी बायकोच्या हाताले लागला. तिनं उलटून-पालटून पाह्यला, पुसला, कोनाड्यात ठेवला. तो अजून तिथंच आहे, अन् मी रोज त्याच्यासमोर जेवतो.

यंदा भाऊबीजेले सुकरू आला. केस पिकले, बोटं तिखटानं फाटलेली. मी — मले काय झालं होतं कोण जाणे — त्याले म्हटलं, "उद्या जाळी काढून राह्यलो आम्ही, तुम्हीबी चाला."

तो हँडपंपावर हात धूत होता. हसला. "मी कसा येऊ जवाई? माह्यावर बंदी हाये ना."

टोमणा नव्हता त्यात. असता तं बरं झालं असतं. बायको ताट वाढून राह्यली होती. तिनं माझ्याकडं पाह्यलं, मग पुन्हा वाढायले लागली.

बंदी उठवायची तं अध्यक्षानं विषय मांडायचा अन् कारण सांगायचं. अध्यक्ष मी. कारण मले माहीत आहे.

सुकरू गेल्यावर चार दिवसांनी सभा झाली. दोन तास चालली. नेहमीसारखा माझाच आवाज सर्वात मोठा होता. बंदीचा विषय मी काढला नाई.