पुढे वाच

कुठलीही तक्रार आली की कुंदामावशी आधी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायच्या. समोर कीबोर्ड, स्पीकरवर टाकलेल्या फोनच्या पलीकडे घाबरलेला माणूस, आणि ह्या बाकावर बसवलेल्या मुलीसारख्या स्वस्थ. पहिला प्रश्न ठरलेला असे, "कल क्या बदला था?" पलीकडचा म्हणे, कुछ नहीं बदला मैडम. मावशी तोच प्रश्न पुन्हा विचारत. तिसऱ्यांदा विचारलं की तो चाचरत सांगे, हां, वो एक छोटा-सा अपडेट किया था. तेव्हा कुठे मावशींचे हात बाहेर येत.

"हात लई घाई करते," त्या मला म्हणायच्या. "डोक्याच्या आधी पोचते. म्हणून दाबून ठेवा लागते."

आमचं ऑफिस जयपूरच्या मालवीय नगरात, एका कोचिंग क्लासच्या वर, दुसऱ्या मजल्यावर होतं. दुकानं, शाळा, दवाखाने यांच्या वेबसाइट आणि ईमेल आपल्या सर्व्हरवर सांभाळणारे छोटे होस्टिंगवाले आमचे गिऱ्हाईक. त्यांना स्वतःचा इंजिनीअर ठेवणं परवडत नसे. काही अडलं की ते आम्हाला फोन करत. आम्ही सहाजण होतो, मालक राठौड सर धरून. त्यांत पंचावन्न ओलांडलेल्या, सुती साडीतल्या, अकोल्याच्या कुंदा गावंडे एकट्याच. बाकीचे त्यांना कुंदाजी म्हणत.

त्यांचे यजमान बँकेत होते. बदलीवर जयपूरला आले, आणि इथेच एका सकाळी हृदयविकाराने गेले. मूलबाळ नव्हतं. भाऊ अकोल्याला बोलवत होता, पण मावशी विद्याधर नगरच्या फ्लॅटमध्येच राहिल्या. वेळ जावा म्हणून कधीतरी कॉम्प्युटरचा क्लास लावला होता. त्यातून त्या इथवर आल्या होत्या.

मी जन्माने जयपूरची. बाबा विमा कंपनीच्या बदलीवर आले आणि इथेच रमले. आमच्या घरातली मराठी निम्मी हिंदीत बुडालेली. मुलाखतीला गेले तेव्हा अर्जावरचं आडनाव वाचून मावशींनी विचारलं, "मराठी का?"

"हो. मतलब, घरी बोलते. मी इंजिनीअरिंग केली आहे."

"केलं आहे," त्या म्हणाल्या. "इंजिनीअरिंग केलं. बाकी सारं इथं शिकशील." बाकी साऱ्यात सर्व्हरही येतात आणि मराठीही, हे मला पुढे कळलं.

पहिल्याच महिन्यात सोडाला भागातल्या एका होस्टिंगवाल्याचा, हेमंतजींचा, फोन आला. त्यांच्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या मेल अडकल्या होत्या. कोणाला जाईना, कोणाकडून येईना. आम्ही तिघं सकाळपासून मेल सर्व्हर उलटापालटा करत होतो. मावशी आल्या, हात दाबून बसल्या, आणि मला म्हणाल्या, "तो काय म्हणून राहिला, ते वाच." मी सर्व्हरची नोंदवही, म्हणजे लॉग, वाचू लागले. फोर फिफ्टी वन, असं वाचताच त्यांनी थांबवलं. "मराठीत."

मला आकडे हिंदीत येत होते. मराठीतल्या आकड्यांशी माझी कधी ओळखच झाली नव्हती. "चार... चार सौ इक्यावन."

"चारशे एक्कावन्न. म्हणजे तो नाही म्हणत नाही आहे, थांबा म्हणून राहिला. काऊन थांबा म्हणते? पोस्टमनजवळ पत्त्याची वही असते. ती वही उघडत नसन तर तो बिचारा चिठ्ठी कुठं टाकीन? तुमी पोस्टमनलेच झोडपून राहिले." पत्त्यांची वही म्हणजे डेटाबेस. तो होता दुसऱ्या सर्व्हरवर, आणि त्याची डिस्क काठोकाठ भरली होती. जागा मोकळी केल्यावर अडकलेल्या मेल भराभर सुटल्या. मावशी चहा प्यायला निघून गेल्या.

त्या दिवसापासून मला लॉग मोठ्याने वाचून दाखवायचं काम लागलं. मी माझ्या लॅपटॉपवरून वाचायचे, त्या आपल्या स्क्रीनकडे तोंड करून ऐकायच्या. मी चुकले की सुधारायच्या, थबकले की म्हणायच्या, "पुढे वाच." एकोणसाठ, सदुसष्ट, एकोणनव्वद हे सगळे आकडे मी अशा बिघडलेल्या सर्व्हरांकडून शिकले. माझी मराठी सुधारावी म्हणून त्या हे करतात असं मी समजत होते. त्यांनीच तसं सांगितलं होतं.

एकदा दुपारी मी असंच वाचत होते. मावशी समोर बघत मान डोलवत होत्या. पाणी घ्यायला उठले तर दिसलं, त्यांच्या स्क्रीनवर काहीच नव्हतं. पायाला लागून वायर निसटली होती.

"मावशी, तुमचा स्क्रीन बंद आहे."

त्यांची मान डोलायची थांबली. मग त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

त्यांनी हाताने चाचपडून माझं मनगट धरलं. "बस. काचबिंदू आहे. कडेकडेनं खाऊन राहिला. डॉक्टर म्हणते, गेलं ते येत नाही, राहिलं ते सांभाळा."

"राठौड सरांना सांगितलंत?"

"सांगीन. दिवाळीनंतर सांगीन." मग हळूच म्हणाल्या, "घरी बसून काय करू, ईशा? तिथं मले कोणी काही विचारत नाही."

मी कोणाला सांगितलं नाही. ते बरोबर होतं की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. तेव्हा मात्र त्या मनगटावरच्या हातापुढे मला दुसरं काही सुचलं नव्हतं.

दिवाळी आली, गेली. त्यानंतरच्या एका सोमवारी मला ऑफिसला पोचायला अर्धा तास उशीर झाला. हेमंतजींनी नवा सर्व्हर घेतला होता. जुन्यावरचा सगळा डेटा नव्यावर हलवून तिथून काढूनही झाला होता आणि आता उरलंसुरलं पुसून जुना रिकामा करायचा होता. दोघांच्या नावांत फरक एका आकड्याचा होता. एकाच्या शेवटी एक, दुसऱ्याच्या शेवटी सात. हेमंतजी घाई करत होते. मावशींनी माझी वाट पाहिली नाही. मी जिना चढून आले तेव्हा त्यांचे हात कीबोर्डवर होते आणि चेहरा पांढरा पडला होता.

"ईशा, हा कोणता आहे? एक का सात?"

सात होता. म्हणजे नवा. आणि तो पुसून झाला होता.

त्यावर सोडाल्यातल्या एका छोट्या डायलिसिस केंद्राची नोंदणी होती. कोणत्या रुग्णाने कोणत्या वारी, किती वाजता, कुठल्या मशीनवर यायचं, ते सगळं. रोज बॅकअप होत असे, पण हलवाहलवीनंतर तो जुन्याच पत्त्यावर शोधायचा आणि आधीच्या प्रतीच्या जागी रिकामी फाइल ठेवून द्यायचा. ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मी वाकून म्हटलं, "मावशी, मी केलं म्हणून सांगते. मी नवीन आहे, मला माफ करतील."

"अन् मग ते तुह्या नावावर राहीन. चूक माही आहे." त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "लाव. मले नंबर दिसत नाही."

त्या साऱ्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या. "हेमंतजी, आपका डेटा मैंने मिटा दिया है। सर्वर ख़राब नहीं था। मुझे ठीक से दिखता नहीं, और यह बात मैंने सबसे छुपाई।" राठौड सर खुर्चीतून उठून उभे राहिले. फोनमधून हेमंतजी म्हणाले, "कल सुबह छह बजे पहला मरीज़ आता है, मैडम."

मावशींनी फोन ठेवला आणि हात मांड्यांखाली घेतले. मला वाटलं आता रडतील. त्यांनी विचारलं, "वेळ ठरली की घरी मेल जाते ना हरेकाले?"

जात होती. आणि प्रत्येक मेलची प्रत मेल सर्व्हरवर राहत होती. "मग वही गेली, पण चिठ्ठ्या तर आहेत," मावशी म्हणाल्या. राठौड सरांनी एवढंच म्हटलं, "पहले यह काम कर लीजिए, कुंदाजी. बाक़ी बाद में."

अकरा वाजता मी वाचायला सुरुवात केली. नाव, वार, वेळ, मशीन. नाव, वार, वेळ, मशीन. शेजारच्या टेबलावरचा मुकेश ते तक्त्यात भरत होता. मावशी डोळे मिटून ऐकत होत्या, आणि सगळा तक्ता त्यांच्या डोक्यात उभा राहत होता. "थांब. ही बाई बुधवारी पण आली होती. तारीख पाह, कोणती नंतरची?" कधी म्हणत, "दोन नंबरच्या मशीनवर दोघं कसे बसतीन? मधात एखादी मेल सुटली तुही." खरंच सुटलेली असे. माझा घसा बसला तेव्हा त्यांनी आपल्या डब्यातला गूळ दिला. "पुढे वाच."

चार वाजता मेल संपल्या. मी हुश्श केलं. मावशी तशाच बसून राहिल्या. "ज्याच्याजवळ मेलच नाही, त्याचं काय?"

हे आमच्यापैकी कोणाच्याच मनात आलं नव्हतं. मी स्कूटी काढून सोडाल्याला गेले. केंद्रातल्या नर्सने टेबलाच्या खणातून एक मळकं पाकीट काढलं. त्याच्या पाठीवर चार नावं लिहिलेली होती, फोनवर वेळ दिलेल्या म्हाताऱ्या माणसांची. त्यातल्या एकाची पाळी दुसऱ्याच दिवशी सकाळची होती.

सकाळी मावशी म्हणाल्या, मला तिथे घेऊन चल. मी त्यांना विद्याधर नगरहून स्कूटीवर मागे बसवून आणलं. पहाटेची थंडी होती. केंद्राच्या दारापाशी त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. नर्स यादीतून एकेक नाव घेत होती. एकेक जण खोकत, शाल सावरत, "हां जी" म्हणत आत जात होता. पाकिटावरचे आजोबा सर्वांत शेवटी होते. त्यांनी "हां" म्हटलं तेव्हा मावशींनी माझ्या खांद्यावरचा हात काढला. खांदा दुखत होता, हे मला तेव्हा कळलं.

त्याच दिवशी मावशींनी मला त्यांचा राजीनामा लिहून आणायला सांगितला. मी लिहिला, त्यांनी सही केली. राठौड सरांनी तो वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. "कीबोर्ड को हाथ मत लगाइए. पर आप बैठिए तो सही. सुनने वाला हमारे यहाँ और कौन है?"

त्यामुळे आणखी एक हिवाळा मिळाला. खिडकीतलं ऊन अंगावर घेत मावशी भुईमुगाच्या शेंगा सोलत बसायच्या आणि मी वाचायचे. हेमंतजींनी पंधरा दिवस आमच्याशी संबंध तोडला होता. मग त्यांचाच फोन आला, "कुंदाजी से बात कराइए, कुछ अटक गया है." मावशी लगेच हरखल्या नाहीत. "कल क्या बदला था?" एवढंच त्यांनी विचारलं. पण फोन ठेवल्यावर शेंगांची वाटी माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "खा. आज चांगल्या भाजल्या गेल्या." शेंगा कालच्याच होत्या.

होळीच्या सुमाराला त्यांना जिना चढवेनासा झाला. अकोल्याहून भाऊ घ्यायला आला. स्टेशनवर सामान लावून झाल्यावर त्या खिडकीतून म्हणाल्या, "फोन करत जाजो. मराठीत. हिंदीत बोलशील तर ठेवून देईन." गाडी हलली. मी खिडकीबरोबर चालत असताना त्या विरुद्ध बाजूला, जिथे मी नव्हते तिथे बघून हसत होत्या.

फोन दर रविवारी होत असे. आधी त्या हेमंतजींचं विचारायच्या, राठौड सरांचं, मुकेशच्या लग्नाचं. मग हळूहळू विचारणं कमी झालं. माझं बोलणं मात्र पार त्यांच्यासारखं झालं होतं. बाबा साताऱ्याचे. "का"ऐवजी माझं वऱ्हाडी "काऊन" ऐकलं की ते जेवता जेवता हसत आणि आईला म्हणत, ही कुठली मुलगी आणली आहे आपण? आता जयपुरात माझ्याशी त्या मराठीत बोलणारं कोणी नाही. बाजारात कोणी मराठी कुटुंब भेटलं की मी उगीच थांबते, आणि दोन वाक्यांत कळतं की हे पुण्याचे, हे नाशिकचे. मग मी पुढे निघते.

पावसाळ्याच्या शेवटी त्यांच्या भावाचा फोन आला. ताई सकाळी उठलीच नाही, म्हणाला.

त्याआधीच्या रविवारी आमचं शेवटचं बोलणं झालं होतं. खरं तर बोलणं असं झालंच नव्हतं. "काय करून राहिली?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "काही नाही मावशी. बसून राहिली." "मग बस. मी पण बसते." पुढे त्या काही बोलल्या नाहीत, मीही बोलले नाही. तिकडे कोणाच्या तरी घरी कुकरच्या शिट्ट्या झाल्या, एक मूल जिन्यावरून धडधडत उतरलं, कोणी नळ सोडला. ते सगळं मी फोन कानाशी धरून ऐकत होते, आणि मधून मधून त्यांचा श्वास येत होता. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "ठेव आता." मी ठेवला नाही. त्यांनीही लगेच ठेवला नाही.