सकाळची गाडी सकाळीच पायजे!

आंदोलनाचे किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही, ते आपले आपण साठत जातात. माझं आमच्या वाडीशेजारच्या तिसगावच्या स्टँडजवळ फ्लेक्स छपाईचं दुकान आहे, त्यामुळे साठण्याचा अनुभव दांडगा. काम झालं तरी फ्लेक्स कोणी टाकून देत नाही. तो कडब्याच्या गंजीवर जातो, गोठ्याला आडोसा होतो, आणि पाच वर्षांनी तुम्ही म्हैस पिळायला बसलात की समोरून कुठला तरी भावी आमदार हात जोडून हसत असतो! आमच्या एसटीच्या आंदोलनाचंही तसंच झालंय. चार माणसं चहाला टेकली की कोणीतरी म्हणतंच, "तो रस्ता रोकोचा सांग की!" मग काय, सुटलोच आपण.

मूळ भानगड साधी होती. आमच्या वाडीची सकाळची एसटी बंद झाली. अकरावी-बारावीच्या पोरी त्याच गाडीनं तालुक्याच्या कॉलेजला जायच्या. पोरं काय, कोणाच्याही मोटरसायकलवर मागं बसून जातात. पोरींचं तसं नसतं. मग शकीलभाईंची जीप होती, दूध-भाजी-माणसं सगळं नेणारी. पोरी तिच्यात कोंबून जायला लागल्या.

सगळ्यात जास्त घोर मंदाताईंना. मंदाताई आणि त्यांचे मालक साहेबराव दरवर्षी दसरा झाला की ऊसतोडीला जातात. पोरगी प्रतीक्षा बारावीला, अठरा भरायला अजून वेळ, घरी म्हातारी आजी. साहेबराव मोजकंच बोलणारा माणूस. त्यानं एकदाच सांगितलं, "गाडी चालू झाली तर कालिज. न्हाई झाली तर जायच्या आदी लगीन. वयात आलेली पोर कुनाच्या भरवशावर टाकून जाऊ?" त्याला दोष देऊन उपयोग नव्हता. उसाचा फड काय आमच्यासाठी थांबणार होता?

म्हणून समिती निघाली. मंदाताई, वाडीतले शेतकरी बापू, शकीलभाई आणि मी. मी प्रसिद्धीप्रमुख! कारण फ्लेक्सचं मशीन माझं. मी मूळचाच चुळबुळ्या, त्यात हे काम. दर दोन मिनिटांनी फोन बघायची जी सवय लागली ती आजतागायत सुटलेली नाही.

*

पहिला रस्ता रोको. बापूंनी आयुष्यात कांद्यापासून दुधापर्यंत सगळ्यासाठी रस्ते अडवलेत. ते म्हणाले, "काळजी करू नका, रस्ता आडवायचं आपल्याला शिकवायला नको."

बसलो आम्ही मोठ्या रस्त्यावर. बायका पुढं, पोरी मागं, मधे बापू. "एसटी आलीच पाहिजे! एसटी आलीच पाहिजे!" बापूंचे डोळे मिटलेले, मूठ वर, तंद्री लागलेली.

आणि समोर येऊन थांबली कोण? एसटी!

ड्रायव्हरनं थोडा वेळ ऐकून घेतलं. मग खिडकीतून निम्मा बाहेर येऊन ओरडला, "ओ बाबा, आली ना! आता सरका की बाजूला!"

मागं तुंबलेल्या गाड्यांच्या रांगेत डेपोचे साहेबही अडकले होते. आमचंच निवेदन घ्यायला निघाले होते. आमच्याच रस्ता रोकोमुळं त्यांना आमच्यापर्यंत पोचायला तासभर लागला.

*

घोषणा लिहायचं काम माझ्याकडं. मी रात्र-रात्र... जाऊ द्या, मेहनत घेतली म्हणतो. एक घोषणा अशी: "ग्रामीण कन्यांच्या शैक्षणिक प्रवासाचा हक्क अबाधित राखा!"

डेपोसमोर मी माईकवर म्हणालो, "ग्रामीण कन्यांच्या शैक्षणिक प्रवासाचा..." आणि थांबलो. समोरून काहीच आलं नाही. एक आजी शेजारणीला म्हणाली, "कुनाची कन्या म्हनला?"

तेवढ्यात साहेब बाहेर आले. सकाळची गाडी जमणार नाही, दुपारी बाराची देतो म्हणाले. कॉलेज सुटायच्या बेताला पोरींनी कॉलेजला निघायचं! मंदाताईंनी माझ्या हातातला माईक घेतला.

"सकाळची गाडी सकाळीच पायजे!"

अख्खा डेपो दणाणला. मी घोषणांचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि त्या दिवसापासून ते खातं मंदाताईंकडं गेलं.

*

मग आला व्हिडिओ. पोरी दप्तरं सावरत शकीलभाईंच्या जीपमध्ये चढतायत, बास, एवढंच. कोणी काढला, माहीत नाही. वर लिहिलेलं: 'गाडी कशासाठी मागतात, आता ओळखा! हिंदूंनो, पोरी सांभाळा!'

सकाळी गावाच्या ग्रुपवर, दुपारी तालुक्याच्या, संध्याकाळी माझ्या मेहुण्याचा पुण्याहून फोन, "काय चाललंय तुमच्या गावात?" पुढं सरकवणाऱ्यांत सगळ्यात पुढं नितीनशेठ. हे आमच्याच वाडीचे, पण राहायला तालुक्याला. युवा नेते आहेत. त्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स मीच छापतो. गिऱ्हाईक चांगलं आहे, खोटं कशाला बोलू.

शकीलभाई दुसऱ्या दिवशी दुकानात आले आणि जीपची चावी टेबलावर ठेवली. ह्या पोरी त्यांना चाचा म्हणतात. म्हणाले, "उद्यापासून जीप न्हाई काडनार. माजंच मला भ्या वाटाया लागलंय. एकादं पोरगं दगड मारंल, आन पोरीस्नी लागंल." मला इतका राग आला, की समोरच्या गिऱ्हाईकाच्या लग्नाच्या फ्लेक्सवर मी नवऱ्याच्या जागी सासऱ्याचा फोटो लावला.

त्या दिवसापासून पोरी घरी. दसरा जवळ येत होता आणि मला एका जागी बसवत नव्हतं.

*

रागात माणूस जे करतो तेच मी केलं. फ्लेक्स छापला! दहा बाय सहाचा. वर लाल ठळक अक्षरांत: 'जीपमधून आपल्या मुली पळवल्या जातात?' आणि खाली बारीक अक्षरांत: 'ही निव्वळ अफवा आहे. विश्वास ठेवू नका. गाडी सुरू करा.' धंद्याची सवय हो! मथळा मोठा, मजकूर लहान. वीस वर्षं हेच करतोय.

चौकात लावला. खाली उसाच्या रसाचं दुकान. त्याच्या छपरानं खालच्या सगळ्या ओळी झाकल्या गेल्या. उरलं काय? लाल अक्षरं!

तासाभरात नितीनशेठच्या पोरांनी फोटो फिरवला: 'आता तर त्यांच्याच समितीनं बोर्ड लावला!'

बापूंनी सायकल टेकवून वरची लाल अक्षरं वाचली. मग म्हणाले, "आरं, त्यांनी नुसता मेसेज टाकला व्हता. तू चौकात लावून दिला!"

फ्लेक्स उतरवला. आता बापूंच्या गोठ्याला आहे, उलटा लावलेला.

*

मी मग खुलासा लिहायला घेतला, मुद्देसूद, चांगला लांबलचक. मंदाताई दुकानात येऊन उभ्या राहिल्या. "काय लिवताय?"

"त्यांच्या एकेका आरोपाला उत्तर देतोय."

"म्हंजी त्यांचं समदं परत एकदा तुमच्या तोंडानं बोलनार. नगा. रेकाडिंग कसं करत्यात ते दावा."

बचत गटांच्या ग्रुपवर त्यांचा आवाज गेला. मला अजून पाठ आहे. "बायांनो, मी परतीक्षाची आई बोलतीय. जीपमधी बारावीच्या पोरी हायत्या. एसटी आसती, तर एसटीत दिसल्या आसत्या. ज्याला जीप बगवत न्हाई, त्यानं एसटी आनावी. सकाळची गाडी सकाळीच पायजे."

एवढंच. ना कोणाला शिवी, ना कोणाचं नाव. संध्याकाळपर्यंत बायका गिरणीत, नळावर, एकमेकींना तेच ऐकवत होत्या. माझा खुलासा अजून कॉम्प्युटरवर आहे. वाचायचा असेल तर सांगा, अजून कोणी मागितलेला नाही!

*

पण ती माणसं थांबतात थोडीच. जीपवरून जमेना तेव्हा नवी पोस्ट आली: 'एसटी समितीचे धर्मबुडवे सप्ताहाला विरोध करतात!' बापूंचा फोटो लावून. बापूंचा! तीस-चाळीस वर्षं गळ्यात माळ आहे या माणसाच्या.

वाडीत सप्ताह चालूच होता. सप्ताहाची रीत तुम्हाला माहीत आहे. वीणा जमिनीला टेकवायची नाही. ज्याच्या गळ्यात ती, त्यानं उभं राहायचं, आणि पुढचा पहारेकरी येऊन घेईल तेव्हाच सुटायचं. नितीनशेठ कडक पांढऱ्या कपड्यांत आले, पहाऱ्यावरच्या माणसाकडून वीणा घेतली, फोटो झाले, लाइव्ह झालं. मूळचा पहारेकरी "सुटलो" म्हणून जेवायला गेला. पुढचा पहारा कोणाचा? बापूंचा.

बापू मंडपाच्या कडेला सावकाश पाय धूत होते. एक पाय धुतला, मग दुसरा, मग पहिला परत.

"बापू, घ्या ना," नितीनशेठ म्हणाले.

"मी? मी तर धर्मबुडवा. तुमीच लिवलंय न्हवं."

"अहो, ते पोरांनी टाकलंय."

"मंग पोरास्नी बोलवा. धरू द्या त्यास्नी वीना."

पोरं मंडपाबाहेर बुलेटवर बसलेली, एकही आत येईना. नितीनशेठ या पायावरून त्या पायावर. एसी गाडीत फिरणारा माणूस, घामानं शर्ट अंगाला चिकटलेला. बायकांच्या बाजूला पदर तोंडाला लागले. शेवटी बिचाऱ्यानं माईक तोंडाशी ओढला, "आपल्या पंचक्रोशीत बापूंसारखा माळकरी नाही! बापूंनी यावं, ही विनंती!"

बापू आले. वीणेला हात जोडले. गळ्यात घेण्याआधी हळूच म्हणाले, "पोस्ट?"

नितीनशेठनं एका हातानं वीणा धरून दुसऱ्या हातानं आपल्याच फोनवरची पोस्ट उडवली. "रामकृष्णहरी," बापू म्हणाले, आणि वीणा घेतली.

*

तरी गाडी येत नव्हती. साहेबरावनं ऊसतोडीच्या मुकादमाला होकार दिला होता आणि इकडं स्थळही बोलावलं होतं. पाहुणे बीडकडचे. सकाळी दहाला येणार होते. अकरा वाजले, बारा वाजले, पोहे दोनदा गरम करून झाले. प्रतीक्षा साडी नेसून आतल्या खोलीत बसलेली. मंदाताईंचा चेहरा मला बघवेना, म्हणून मी ओट्यावर येरझाऱ्या घालत होतो.

पाहुण्यांचा फोन आला. फाट्यावर उभे आहेत, वाडीला यायला गाडीच नाही!

साहेबराव इकडं तिकडं बघत राहिला. मग खाली मान घालून मलाच म्हणाला, "शकीलभाईला इचारता का जरा?"

अशा रीतीनं पोरगी बघायला पाहुणे आले ते शकीलभाईंच्या जीपमधून! त्यांच्यातली एक म्हातारी उतरताना शकीलभाईंना म्हणाली, "बरं झालं बाबा तू हायेस. पर आसल्या आडगावातली पोरगी करायची का, इचार करावा लागंल."

त्यांचा निरोप परत आलाच नाही. मंदाताईंनी आयुष्यात पहिल्यांदा एसटी महामंडळाचे आभार मानले.

*

शेवटी डेपोचे साहेब म्हणाले, "ग्रामसभेचा ठराव आणा, देतो सकाळची." दसरा आठवड्यावर. ठराव झाला तर कॉलेज, नाही तर दुसरं स्थळ तयारच होतं.

ग्रामसभा देवळासमोरच्या मंडपात. एरवी पंधरा माणसं नसतात, त्या दिवशी बसायला जागा नव्हती. शकीलभाई अगदी कडेला, चपला काढतात तिथं. ग्रामसेवकांनी ठराव वाचायला घेतला आणि नितीनशेठ उठले. बरोबर पोरं, पोरांच्या हातात फोन, सगळ्यांचं रेकॉर्डिंग चालू.

"ठराव नंतर. आधी गावाच्या इज्जतीचं बोला. त्या जीपमध्ये कोणाकोणाच्या पोरी बसत होत्या, नावं येऊ द्या! ग्रामसेवक, लिहून घ्या. गावाला कळू द्या!"

मी खाली बघायला लागलो. माझ्या मनात एकच धास्ती, की ह्या फोनांसमोर एकही बाप तोंड उघडणार नाही, ठराव तसाच राहील, आणि प्रतीक्षाचं कॉलेज आज इथं संपेल. मंदाताई उठायला लागल्या, तर साहेबरावनं त्यांचा हात धरून खाली बसवलं. संपलं, म्हटलं.

मग तो स्वतः उभा राहिला. टोपी काढली, परत घातली.

"माजी," तो म्हणाला. "परतीक्षा. लिवा."

ग्रामसेवकांचा पेन हलेना. नितीनशेठ मंडपभर बघत म्हणाले, "अजून? आहे का अजून कोणाची हिंमत?"

पोरांनी फोनचे कॅमेरे फिरवले, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मागं खांबाला टेकून एक म्हातारा बसला होता. काठी रेटत तो उठला. नितीनशेठचे वडील, आप्पा. थोरल्या मुलाकडं वाडीतच राहतात, ग्रामसभेत कधी बोललेले कोणाला आठवत नाहीत.

"लिवा," आप्पा म्हणाले. "माजी नात, थोरल्याची. फुडच्या शिटावर बसती. मागं तिला मळमळतं."

आणि खाली बसले.