कार्ड घातलंय का?

आमची आई हसायला लागली की शेजारची माणसं टीव्ही सोडून बघायला येतात. काय झालं ते कुणाला कळत नाही, तरी तीही हसत बसतात. आई दाराची चौकट धरते, पदरानं डोळे पुसते, "थांबा, थांबा" म्हणते आणि पुन्हा सुरू होते. आणि असल्या बाईचा हसतानाचा एकही फोटो आमच्या घरात नव्हता. लग्नाचा अल्बम बघा, आधार कार्ड बघा, भावाच्या लग्नातला स्टेजवरचा फोटो बघा, सगळीकडे एकच चेहरा. ओठ घट्ट, मान ताठ, जणू कुणीतरी केस ठोकलीय आणि ही तारखेला हजर झालीय.

यासाठी मी कॅमेरा घेतला असं म्हटलं तर मात्र ती थाप होईल. मला नुसतं वेड लागलं होतं. मिरजगावात माझं मेडिकल स्टोअर आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी मोबाईलवर फोटोग्राफी शिकवणारे व्हिडिओ बघायचे. बघता बघता चाळिशीत डोकं फिरलं आणि नगरच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरनं नवा कॅमेरा घेतला तेव्हा त्याचा जुना डीएसएलआर मी उचलला. येताना एसटीत तो गळ्यात घालूनच बसले. कंडक्टर तिकीट फाडायचं थांबला. "ताई, पेपरात हाय का तुमी? आमच्या स्टँडवरच्या खड्ड्याचा एक फोटो छापा की!" मी रुबाबात मान हलवली आणि लगेच खिडकीबाहेरचे चार फोटो काढले. चारही काळेकुट्ट. लेन्सचं झाकण तसंच होतं.

पण काय सांगू, त्या दिवसांत मी जमिनीवर नव्हतेच. सकाळी दुकानाचं शटर वर करायचं आणि आधी शटरचाच फोटो. पाठीमागचं सगळं धूसर करायची युक्ती जमली, त्या दिवशी तर मी शेल्फातल्या प्रत्येक बाटलीला एकेकटं बसवून फोटो काढला. मग घरी जाऊन आईला बसवलं. आईनं साडी बदलली, केस विंचरले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि तारखेला हजर झाली. फोटो दाखवल्यावर तिचं तोंड पडलं.

"मागं आपलं नवं कपाट हुतं ना?"

"अगं, ते मुद्दाम ब्लर केलंय."

"एवढा मोठा कॅमेरा आनला आन् कपाट पुसून टाकलं व्हय! मोबाईलमदी बी दिसतंय की ते."

"कपाटाचं जाऊ दे. तू हसत का नाहीस?"

तेव्हा ते खरं कारण बाहेर आलं. आमच्याकडे एकट्या माणसाचा मोठा फोटो भिंतीवर चढतो तो माणूस गेल्यावरच, आणि त्याला हार असतो. आई म्हणाली, "उद्या हार घालायची येळ आली आन् हाच फोटो घावला तर? लोक म्हनतील, बघा, मेली तरी दात काढतीय."

मला राग आला. म्हणजे ही बाई आयुष्यभर प्रत्येक फोटोत मेल्याची तयारी करून बसत होती! मी त्याच क्षणी ठरवलं, हिला हसताना पकडायचंच. वाट्टेल ते करीन.

दुसऱ्या रविवारी दुकान बंद ठेवून तिला नगरला घेऊन गेले. नवी माणसं बघून तिची कळी खुलेल आणि मला शहरातल्या रस्त्यांचे फोटोही मिळतील, असा दुहेरी बेत होता. कापड बाजारात पोचलो. माणसांना न कळता फोटो काढावेत असं व्हिडिओत सांगितलं होतं, म्हणून मी एका खांबाआड दबा धरून बसले. समोर एक आजोबा साड्यांच्या गठ्ठ्यावर रेलून मस्त जांभई देत होते. मी बटण दाबणार तोच आई त्यांच्यापुढे उभी. "अवो, नीट बसा. माजी लेक फोटू काढतीय. टोपी सरळ करा." आजोबा ताठ झाले. दिवसभर हेच चाललं. भेळवाला, गजरेवाली, रिक्षात झोपलेला माणूस, आईनं एकालाही सोडलं नाही. झोपलेल्याला तर उठवून तोंड धुवायला लावलं. घरी येऊन बघते तर सगळं नगर तारखेला हजर झालेलं.

ते फोटो मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर लावून ठेवले आणि आठवडाभर गिऱ्हाइकांना दाखवले. खोकल्याचं औषध न्यायला आलेली माणसं खोकला विसरून हसत होती. इथेच एक चूक झाली, पण ते पुढं कळलं.

त्यानंतर आम्ही निघालो भंडारदऱ्याला. मिरजगावहून नगर, नगरहून अकोले, तिथं आईच्या ओळखीच्या बाईकडे मुक्काम आणि सकाळी जीप. आमचा मुलूख ज्वारीचा, पाण्याच्या टँकरचा. अकोल्याचे डोंगर बघायला आईनं जीपच्या बाहेर मान काढली. "एवढं पानी हितं हाय आन् आपल्याकडं का न्हाई गं?" असं तिनं मला दोनदा विचारलं, जणू ते माझ्या दुकानात मिळत होतं. मी मात्र सुटले होते. धरण काढलं, ढग काढले, चिखलात बसलेली म्हैस काढली. बटण दाबलं की पडद्यावर फोटो क्षणभर दिसायचा, असा सुंदर की मी स्वतःलाच शाबासकी द्यायचे. कोपऱ्यात काहीतरी लाल लुकलुकत होतं. बॅटरीचं असेल म्हणून मी तिकडे लक्षच दिलं नाही.

रस्त्याकडेच्या एका भाताच्या खाचरात आवणी चालली होती. गुडघाभर चिखलात पाच-सहा बाया ओळीनं रोपं लावत होत्या. आई बांधावर उभी राहून टक लावून बघत राहिली. पन्नास वर्षं शेतात राबलेली बाई, पण भाताचं रोप तिनं कधी हातात धरलं नव्हतं. त्यातल्या एकीनं हाक मारली, "या आजी, लावा दोन रोपं!" आईनं चपला काढल्या, नेसूचा काचा मारला आणि उतरली. पहिलं पाऊल ठीक पडलं. दुसरं रुतलं. तिसरं टाकायला गेली आणि फतकल मारून चिखलात बसली.

बायांचे हात रोपांवरच थांबले. मग आईच्या पोटातून ते हसू निघालं. उठायला जायची, पुन्हा बसायची, आणि तिच्या हसण्यानं त्या बायाही रोपं टाकून कमरेवर हात ठेवून हसायला लागल्या. पदर नाही, मान ताठ नाही, नाकावर चिखल. मी धडाधड बटण दाबत सुटले. पडद्यावर तो चेहरा दिसला. तो मला आजही जसाच्या तसा आठवतो, आणि तेवढंच माझ्या हाती राहिलंय.

कारण आई हातपाय धुऊन आली आणि म्हणाली, "दाव की." मी दाखवायचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. खालचं झाकण उघडलं तर कार्डाची खाच रिकामी. कार्ड मिरजगावला, दुकानातल्या कॉम्प्युटरात! कार्ड नसलं तरी तो फोटो क्षणभर दाखवायचा, पण ठेवायचा कुठेच नाही, आणि सकाळपासून मी असा रिकामा कॅमेरा खटाखटा वाजवत हिंडत होते. मी बांधावर बसले आणि रडायलाच लागले. आईला कसंबसं सांगितलं.

"म्हंजी बिनगोळीची बंदूक?" ती म्हणाली आणि पुन्हा फुटली. ती जीपमध्ये हसली, अकोल्याच्या स्टँडवर हसली, नगरपर्यंत एसटीतल्या प्रत्येक माणसाला तिनं ही गोष्ट सांगितली. मी तोंड फुगवून बसले होते, पण संगमनेरच्या पुढं मलाही आवरेना.

चार दिवसांनी ती दुकानाच्या पायरीवर बसली होती. मी फारशी आशा न धरता कॅमेरा उचलला. तिनं सवयीनं पदर सारखा केला, ओठ आवळले, मान ताठ केली. मग एकदम डोळे बारीक करून म्हणाली, "कार्ड घातलंय का?" आणि स्वतःच्याच बोलण्यावर खदखदून हसली. या वेळी घातलं होतं.

फोटो मोठा करून आणला. आईनं तो हातात धरून बराच वेळ बघितला. मागची शेल्फं, बाटल्या, दाराशी उभं असलेलं गिऱ्हाईक, काहीही धूसर नव्हतं.

"मागचं समदं दिसतंय," ती खूश होऊन म्हणाली. "हाच ठेव माज्या हाराला."

"आई, गप बस! आणि लोक काय म्हणतील?"

"म्हनू दे की, मेली तरी हसतीय. खोटं हाय व्हय?"

मी फोटो तिच्या हातातून ओढूनच घेतला आणि दुकानात गल्ल्यामागं लावला. खिळा वरच्या फळीच्या अगदी खाली ठोकला. तिथं हार घालायला जागाच नाही.