कूलरसमोरचा बाक

शिकवताना मी वर्गातला कूलर बंद ठेवते. रायपुरात, ऐन एप्रिलमध्ये. त्यामुळे मुलांमध्ये माझी काय ख्याती असेल ते वेगळं सांगायला नको. मागच्या आठवड्यात फळ्याच्या कोपऱ्यात कुणीतरी 'तंदूर मॅडम' असं लिहून ठेवलं होतं. अक्षर सुंदर होतं, म्हणून मी ते दिवसभर तसंच राहू दिलं.

आमची शाळा तात्यापारा नावाच्या जुन्या वस्तीत आहे, हिंदी माध्यमाची, आणि नववीचा वर्ग वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या खोलीत. डोक्यावर थेट गच्ची. रस्त्याकडच्या खिडक्या उघडल्या की दुकानदारांची हाकाहाक आणि गाड्यांचे हॉर्न, बंद केल्या की भट्टी. शिक्षकांच्या खोलीत यावरून रोज रडगाणं चाले. या खोलीत मुलं शिकतील कशी, आम्ही शिकवावं कसं, वगैरे. मी मात्र गणिताची बाई, आणि स्वभावाने तिखट. माझं उत्तर ठरलेलं असे: नाचता येईना अंगण वाकडं. ज्याला शिकायचं तो रस्त्याच्या दिव्याखालीही शिकतो, असंही मी वर ऐकवत असे. आता ते आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

तरी त्या खोलीतला कूलर मीच आणवला. माजी विद्यार्थ्यांच्या मागे दोन वर्षं लागले, तेव्हा त्यांनी मिळून एक भलामोठा पत्र्याचा कूलर दिला. तो मागच्या खिडकीत बसवला. नव्या खसाचा, म्हणजे वाळ्याचा, वास वर्गभर पसरला त्या दिवशी मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या. पाणी भरायच्या पाळ्या लावल्या. कूलर सुरू झाला की विमान उठल्यासारखा आवाज व्हायचा, पण गार वाऱ्यापुढे आवाजाची तक्रार कोण करणार!

त्याच वर्षी ती मुलगी नववीत होती. स्टेशनापलीकडच्या वस्तीतून चालत यायची. बारीक, सावळी, दोन वेण्या आणि डोळे सतत खाली. आई ब्राह्मणपाऱ्यातल्या चार घरी पोळ्या करायला जायची. घर मराठी, पण पोरगी आजकालच्या पोरांसारखी मराठी समजायची आणि उत्तर हिंदीत द्यायची. बरेचदा तेही नाही, नुसतं 'हव'. छत्तीसगढीतलं हे 'हव' म्हणजे हो. इथे आम्ही सगळेच बोलतो.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती उन्हातून आली आणि वर्गात तिचा घोळणा फुटला. वहीवर रक्ताचे थेंब पडले. मी तिच्या डोक्यावर पाणी थापलं, आणि दुसऱ्या बाकावरून उठवून तिला मागे, कूलरसमोरच्या बाकावर नेऊन बसवलं. "आज से ये तेरी जगह," म्हणाले. आमच्याकडे उन्हाळ्यात पाहुणा आला की पाणी नंतर, आधी त्याला कूलरसमोर बसवतात. घरातली माणसं सरकून जागा करून देतात. मान देण्याची ही आमची रीतच आहे. तो बाक वर्गातल्या सगळ्यांनाच हवा होता. मी तिला दिला, आणि मनात म्हटलं, आज एक चांगलं काम झालं.

मला फळ्याकडे तोंड करून बोलायची सवय. समीकरण लिहिता लिहिता सांगत जायचं, मग वळून विचारायचं, "समझ में आया?" ती बरोबर मान हलवायची. "हव." तिच्या वहीत फळ्यावरचं सगळं उतरवलेलं असायचं, सुबक, एकही चूक नाही. आणि घरी करायला दिलेलं गणित साफ चुकलेलं. मी तोंडाने सांगितलेलं काहीच त्या वहीत नसायचं. इतकी वर्षं वह्या तपासणाऱ्या बाईला हे दिसू नये? मला दिसलं ते एवढंच, की पोरगी नक्कल करते आणि विचार करत नाही. तिच्या वहीवर मी लाल शाईने 'ध्यान कहाँ है?' असं किती वेळा लिहिलं असेल त्याची गणती नाही.

पावसाळ्यात कूलरमधलं पाणी बंद झालं, पण पंखा चालूच राहिला, कारण छताचा पंखा फक्त माझ्या टेबलावर फिरायचा. ती दिवाळीपर्यंत तिथेच बसली. दिवाळीनंतर कूलरवर प्लास्टिक बांधलं, आणि थंडीत पोरगी अचानक सुधारली. एकदा तर तिने हात वर केला. भूमितीतलं एक प्रमेय तिने फळ्यावर येऊन सोडवलं, आणि मी शिक्षकांच्या खोलीत जाऊन सांगितलं, "बघा, माझ्या ओरडण्याचा परिणाम!" कौतुक मीच माझं करून घेतलं. मार्चमध्ये ऊन तापलं, कूलर पुन्हा सुरू झाला, आणि नेमकी तेव्हाच मी वर्षभराची उजळणी घेतली. ती आपल्या बाकावर बसून मान हलवत होती.

गणितात ती नापास झाली. निकालाच्या दिवशी तिची आई ऑफिसात आली, हाताला अजून पीठ. त्या दिवशी माझं डोकं तापलेलं होतं. मी म्हणाले, "ताई, इतकी चांगली जागा दिली तिले, इतकं लक्ष दिलं. तिचं डोकंच नाही चालत गणितात. शिवणकाम-बिवणकाम काही शिकवा." मुलगी बाजूलाच उभी होती, डोळे खाली.

नापास मुलांसाठी पूरक परीक्षा असते. तिचा फॉर्म आला नव्हता आणि मुदत संपत आली होती, म्हणून मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, मला तिच्या घरी धाडलं. प्रेमाने गेले असं म्हणणार नाही. मे महिन्याच्या दुपारी स्कूटी घेऊन कुरकुरत गेले.

एकच खोली होती. आई लगबगीने उठली. "या न मॅडम, उन्हातून आल्या तुम्ही. इकडे बसा, कूलरसमोर बसा." आई पोळ्या करायची त्यातल्या एका घराने दिलेला जुना कूलर होता, पत्रा गंजलेला, आवाज आमच्या शाळेतल्या कूलरसारखाच. आईने मुलीला उठवून मला त्याच्यासमोर खुर्ची दिली. घामेजलेल्या मानेवर वारा लागला आणि जीव शांत झाला. आई चुलीच्या कोपऱ्यात चहा ठेवता ठेवता बोलत होती, पाठ माझ्याकडे. मला तिचे हात हलताना दिसत होते. बोलणं काही कळत नव्हतं, पण दर वेळी काय म्हणालात म्हणून विचारणं बरं दिसेना. मुलीच्या नापास होण्याचं दुःख सांगत असेल, असं धरून चालले. ती वळून माझ्याकडे बघायची तेव्हा मी मान हलवायची. "हव," म्हणायची. तीनदा म्हणाले.

तिसऱ्या वेळी मुलगी जागेवरून उठली, माझ्या मागे गेली आणि तिने कूलर बंद केला.

"मम्मी, मॅडम को कुछ सुनाई नहीं दे रहा है," ती म्हणाली.

आईने हातातली सांडशी खाली ठेवली. "अगं माय! मी विचारून राहिली होती मॅडम, का पोरीले शाळेतून काढून राजनांदगावले माझ्या बहिणीकडे पाठवून देऊ का. तिच्याकडे शिलाईचं काम आहे. तुम्ही म्हणाल तसं करू म्हटलं. तुम्ही तं हव म्हणाल्या."

खोलीत इतकं शांत झालं होतं की चहा उकळल्याचं ऐकू येत होतं. मी मुलीकडे वळले.

"तुले कसं समजलं, मले ऐकू येत नाही म्हणून?"

"मैं भी ऐसे ही गर्दन हिलाती थी," ती म्हणाली.

मला दरदरून घाम फुटला. एप्रिलपासून दिवाळीपर्यंत, आणि पुन्हा मार्चमध्ये. मी फळ्याशी बोलत होते आणि ही पोरगी माझ्या पाठीकडे बघत बसली होती. अंगण खरंच वाकडं होतं. मीच हाताला धरून तिला तिथे नेलं होतं, आणि नाचता येत नाही म्हणून वर तिलाच बोलले होते.

"मग सांगितलं काहून नाही, बेटा?"

तिने आईकडे बघितलं, मग पायाकडे. "आपने इतने प्यार से बिठाया था. सब बोलते थे, मॅडम की लाडली है."

त्यानंतर मी काय काय बोलले ते मला नीट आठवत नाही. चूक माझी आहे, तिची नाही, असं म्हणाले. पूरक परीक्षेपर्यंत रोज माझ्या घरी ये, समोरासमोर बसून शिकवते, असं म्हणाले. तुझं डोकं छान चालतं, थंडीत प्रमेय तूच सोडवलं होतंस, असंही म्हणाले. आईचा चेहरा उजळला. "तुम्ही म्हणता तं ठिवतो न शाळेत," ती लगेच म्हणाली.

"नहीं मॅडम," मुलगी म्हणाली. "मेरा दिमाग नहीं चलता गणित में." रडून नाही, रागावून नाही. स्वतःचा पत्ता सांगावा तसं सांगितलं. वाक्य माझंच होतं. निकालाच्या दिवशी मी ते मराठीत म्हटलं होतं, तिने हिंदीत केलं होतं. थंडीचे दिवस सोडले तर वर्षभरातलं माझं हे एक बोलणं तिला स्वच्छ ऐकू गेलं होतं, कारण त्या दिवशी आम्ही ऑफिसात होतो आणि तिथे कूलर नव्हता.

मी तिचे दोन्ही हात धरले. ते वाक्य खोटं आहे म्हणाले, रागात निघालं म्हणाले. "उद्या सकाळी शाळेत येजो, फॉर्म भरू. येशील न?"

तिने माझ्याकडे पाहून मान हलवली. "हव," ती म्हणाली.

आईने, मॅडमले गरम होऊन राहिलं असन म्हणून, कूलर पुन्हा लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळा उघडायच्या आधी जाऊन बसले. तिचा फॉर्म मीच भरायला घेतला. नाव, आईचं नाव, वर्ग, विषय. मुदतीचे चार दिवस होते, चारही दिवस तो माझ्या टेबलावर होता. तिची सही तेवढी राहिली होती.