रशीदभाई आणि तापीवरची ओढी

रशीदभाईंच्या अमृतमहोत्सवी ग्रंथासाठी मी लिहावे असे मंडळाच्या सभासदांनी सुचवले, तेव्हा रशीदभाईंनीच त्यांना अडवले. बाईंना त्रास देऊ नका, असे ते म्हणाल्याचे मला कळले. ते कळले म्हणून मी लिहायला बसले.

त्यांची माझी पहिली भेट अमळनेरला आमच्या घराच्या ओट्यावर झाली. माझे यजमान भास्करराव एसटीच्या आगारातून नुकतेच निवृत्त झाले होते आणि रिकामपण त्यांना सोसत नव्हते. एका सकाळी ते रशीदभाईंना घरी घेऊन आले. रशीदभाईंचे गावात लेथचे वर्कशॉप होते. तेलगिरण्या जोरात होत्या त्या काळात त्यांचे सुटे भाग तिथे घडत. चहा होईपर्यंत दोघेही एका बोटीविषयीच बोलत होते. पूल होण्याआधी तापीवर माणसे, गुरे, बैलगाड्या तराफ्यावरून पलीकडे जात, आणि तो तराफा एक लोखंडी डिझेल बोट ओढून नेत असे. काठावरची माणसे तिला 'ओढी' म्हणत. पूल झाला, ओढी काठावर चढवून ठेवली गेली आणि तिथेच गंजत पडली. मी न राहवून विचारले, त्या जुन्या लोखंडाचे करणार काय?

"चालवणार, बाई," रशीदभाई म्हणाले. "उभी करून हार घालायला नाही."

सात-आठ माणसे दर रविवारी नदीवर जाऊ लागली; हेच पुढे आमचे मंडळ झाले. बहुतेक निवृत्त, कुणी वेल्डर, कुणी रंगारी. ओढीचे सुकाणू अनेक वर्षे सांभाळलेले नथ्थूआबा कोळी रोज येऊन काठावर बसत आणि पाहुण्यांना सांगत, "म्हतारी शे, मरेल नही." म्हणजे म्हातारी आहे, मेलेली नाही. रशीदभाईंची शिस्त कडक होती. एकदा तळाच्या पत्र्याला पडलेली भोके लांबीचा लगदा भरून, वर रंग मारून बुजवावीत, खाली बघायला कोण जाणार, असे कुणीतरी सुचवले.  रशीदभाईंनी तेवढा पत्रा कापून काढला आणि नवा बसवायला दोन महिने घेतले. भास्करराव घरी येऊन हे सगळे मला सांगत. त्यांना इतके आनंदात मी नोकरीच्या काळात पाहिले नव्हते.

पुढचे लिहिणे कठीण आहे, पण ते टाळून रशीदभाईंचा गौरव होणार नाही. बोटीच्या पुढच्या भागात एक बंद टाकी होती. ती कित्येक वर्षांत उघडली नव्हती. एका रविवारी रशीदभाईंनी तिचे झाकण उघडायला लावले आणि भास्करराव आत पाहायला उतरले. आतल्या गंजाने हवेतला प्राणवायू कधीच संपवून टाकलेला होता. ते वर आले नाहीत. रशीदभाईंनी कमरेला दोर बांधला, श्वास रोखून आत उडी घेतली आणि भास्कररावांच्या काखेतून हात घातले; तेवढ्यात त्यांचा रोखलेला श्वास सुटला. बाकीच्यांनी दोर ओढून दोघांना वर काढले. रशीदभाई बेशुद्ध होते. भास्करराव गेलेले होते.

पोलीस जबाब घ्यायला इस्पितळात आले, तेव्हा भास्करराव आपल्या मनाने उतरले एवढेच सांगा, असे रशीदभाईंना चार जणांनी समजावले होते. ते खोटेही नव्हते. रशीदभाईंनी जबाबात लिहवून घेतले की झाकण माझ्या सांगण्यावरून उघडले, आतली हवा मारक असू शकते हे मिस्तरी म्हणून मला ठाऊक असायला हवे होते. ते उभे राहू शकले त्या दिवशी काठी टेकत माझ्या दारात आले आणि हेच माझ्यासमोर बोलले. मी दार लावून घेतले.

नदीवरचे काम थांबले. दोन वर्षे मी त्यांच्याशी बोलले नाही. रस्त्यात दिसले की मी बाजू बदलत असे, आणि ते मान खाली घालून थांबत. मग ओढी भंगारात काढण्याचा सरकारी कागद आला, आणि रशीदभाई पुन्हा दारात आले. तुम्ही म्हणाल तर जाऊ देतो, असे त्यांनी सांगितले.  दोन वर्षे जे कुणालाही विचारता आले नव्हते ते मी विचारले: जाताना भास्कररावांना फार त्रास झाला का?

"नाही, बाई," ते म्हणाले. "मी तीच हवा घेतली आहे. गुदमरत नाही, भीती वाटत नाही. थकलेला माणूस बसतो, तसं होतं. त्यांनी हाक मारली नाही, कारण त्यांना काही कळलंच नाही."

डॉक्टरांनीही मला हेच सांगितले होते, पण विश्वास मी रशीदभाईंच्या शब्दावर ठेवला. त्या रात्री मला झोप लागली. दुसऱ्या दिवशी मी त्यांना निरोप पाठवला की बोट जाऊ देऊ नका.

काम पुन्हा सुरू झाले ते नव्या नियमाने. बंद जागा आधी दिवसभर उघडी ठेवायची, पंख्याने हवा खेळवायची, यंत्राने तिच्यातला प्राणवायू मोजायचा, आणि आत उतरणाऱ्याच्या दोराचे टोक बाहेर एकाने धरून बसायचे. ते टोक मी धरते. हे काम मी मागून घेतले.

ओढी पुन्हा पाण्यावर चालू लागली. गेल्या पावसाळ्यानंतर पुलाला तडे गेले आणि वाहतूक बंद झाली. पलीकडच्या वस्तीतली एक म्हातारी वारली; तिचे अंत्यसंस्कार अलीकडे, नवऱ्याच्या गावी व्हायचे होते. रीतसर परवानगी काढून ओढीने पहिला तराफा ओढला तो तिरडीचा. रशीदभाईंनी इंजिन इतके हळू ठेवले की तराफ्यावर पाण्याचा थेंब उडाला नाही. दोन्ही काठांवर माणसे उभी होती. टाळी कुणी वाजवली नाही. मृतदेह उतरेपर्यंत रशीदभाई टोपी हातात धरून उभे होते.

त्या टाकीतल्या हवेने त्यांचे हात कायमचे कापरे केले आहेत. चहाची बशी त्यांना दोन्ही हातांनी धरावी लागते. त्यांनी माझ्याकडे क्षमा कधी मागितली नाही आणि मीही ती बोलून दाखवलेली नाही. आज पंचाहत्तरीच्या निमित्ताने त्यांच्या प्रकृतीला आराम पडावा, घरच्यांच्या सहवासात त्यांचे दिवस सुखाचे जावेत, एवढे मी मनापासून मागते. आणि भास्कररावांच्या वाट्याला जी वर्षे आली नाहीत, ती सगळी रशीदभाईंना मिळावीत. हे वाक्य लिहायला मला सहा वर्षे लागली.