परक्या बागेतली विरळणी

सुनेच्या बाळंतपणाला मी जर्मनीत पाच महिने राहिले. त्या पाच महिन्यांत मुलानं मला एकदाच लांब फिरायला नेलं. तो दिवस मी अजून कुणाला खरा सांगितलेला नाही. वहीत लिहायला हरकत नाही. वही साड्यांच्या खाली असते आणि घरात मी एकटीच आहे.

जुनं गाव बघायला जायचं ठरलं होतं. सात-आठशे वर्षांपूर्वीचं गाव, चारी बाजूंनी कोट, आणि कोट अजून जसाच्या तसा, असं मुलगा आठवडाभर सांगत होता. त्याच्या ऑफिसातला मित्र आणि त्याची बायको बरोबर होती. दोघं पुण्याची. ती बाई बोलकी, सारखी मला काकू काकू करायची. मला नवीन माणसांत बोलता येत नाही. मी चौथी शिकलेली. तोंड उघडलं की निफाडकडचे शब्द बाहेर पडतात आणि मुलाचे कान लाल होतात, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. म्हणून मी बाळाची गाडी धरायची, आणि कुणी बघितलं की हसायचं.

गाव सुंदर होतं, त्याला नाव ठेवणार नाही. वेशीला जाड लाकडी दरवाजा, आणि त्या दरवाज्यात आणखी एक छोटं दार, वाकून जावं लागेल असं. रात्री उशिरा आलेल्या माणसाला त्यातूनच आत घ्यायचे म्हणे, म्हणजे शत्रू एकदम घुसणार नाही. आतले रस्ते गोल दगडांचे. बाळाची गाडी इतकी खडखडायची की मी निम्मा रस्ता तिची पुढची चाकं उचलूनच चालले. घरं एकमेकांवर कललेली, भिंतींत लाकडाच्या तिरप्या पट्ट्या, खिडक्यांत लाल फुलं. चौकातल्या घड्याळातून बारा वाजता लाकडी बाहुल्या बाहेर आल्या, तेव्हा सगळे माना वर करून फोन धरून उभे राहिले. बाळ दचकून रडायला लागलं. मी त्याला घेऊन एका दुकानाच्या आडोशाला गेले, तोवर बाहुल्या परत आत गेल्या होत्या.

कोटावर चढायचा जिना अरुंद होता. मुलगा म्हणाला, "आई, गाडी वर जाणार नाही. तू बसतेस ना बाळाजवळ? आम्ही पटकन जाऊन येतो."

"जा की," मी म्हटलं.

पटकन म्हणजे एक तास. मी बाकावर बसून खालून त्यांची डोकी कोटाच्या भोकांतून पुढे सरकताना बघत होते. कंटाळा आला नाही. पण खाली आल्यावर "आता तू जा, आम्ही थांबतो" असं कुणी तरी म्हणेल म्हणून मी पदर खोचून तयार बसले होते. कुणी म्हणालं नाही. मीही म्हणाले नाही.

तिथलं मोठं चर्च मात्र मी बघितलं, कारण तिथे पायऱ्या नव्हत्या. आत गार होतं. मुलानं मला हाताला धरून एका खांबाजवळ नेलं आणि दगडावर बोट ठेवलं. दगडात बाणासारखी छोटी रेघ कोरलेली होती. शेजारच्या दगडावर दुसरंच काही, कोंबड्याच्या पायासारखं.

"या खुणा बघ, आई. ज्या पाथरवटानं दगड घडवला, त्याची ही खूण. आपलं काम ओळखू यावं म्हणून कोरायचे. लिहितावाचता येत नव्हतं त्यांना, पण बघ, सातशे वर्षांनी आपण त्याच्या हाताच्या खुणेला हात लावतोय."

बोलताना त्याचा आवाज जड झाला होता. मला बरं वाटलं. वाटलं, पोराला कष्टाच्या माणसाची कदर आहे. मीही त्या बाणावरून बोट फिरवलं.

दुपारी कोटाबाहेरच्या हिरवळीवर बसून आम्ही माझ्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. समोर उतारावर द्राक्षाच्या बागा होत्या, नदीपर्यंत. आमच्यासारखे मांडव नव्हते, साध्या तारांवर उभ्या ओळी होत्या. तरी पान ते पान. मला एकदम घरी आल्यासारखं झालं. तेवढ्यात मित्राची बायको म्हणाली, "काकू, तुम्हाला तुमची बाग आठवत असेल ना? पाच एकर ना हो तुमची?"

मी मुलाकडे बघितलं. तो पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत होता.

"हा नेहमी सांगतो आम्हाला. वीस-वीस बायका कामाला, आणि तुम्ही बांधावर उभं राहून देखरेख करायचात. मी म्हटलं, असल्या सासूबाई मला चालल्या असत्या बाई!"

सगळे हसले. सून बाळाचं तोंड पुसायला लागली. ते पुसलेलंच होतं. तिला सगळं माहीत आहे. लग्नाआधी ती आमची दोन खोल्यांची जागा बघून गेली आहे.

"हं," मी म्हटलं.

बाग आमची नव्हतीच. मुलाचे वडील पिंपळगावला कोल्ड स्टोरेजमध्ये हमाली करायचे. मी सतरा वर्षं दुसऱ्यांच्या बागांत विरळणीला गेले. घडात मणी दाटीनं लागतात, ते असेच ठेवले तर एकमेकांना दाबून कुजतात. म्हणून मणी ज्वारीएवढे झाले की बारीक कात्रीनं मधले मणी काढायचे, घडाच्या वेड्यावाकड्या पाकळ्या, म्हणजे बारीक फाटे, छाटायच्या, राहिलेल्यांना फुगायला जागा करून द्यायची. दिवसभर हात वर धरून. संध्याकाळी बोटांचा चिकटा राखेनं घासला तरी जायचा नाही. मुलगा लहानपणी माझ्या हातचा घास घेताना तोंड फिरवायचा, म्हणायचा, वास येतो. त्या वासावरच तो इंजिनियर झाला. हे मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही, आणि वहीत लिहितानाही बरं वाटत नाही.

जेवणानंतर आम्ही बाग दाखवणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे गेलो. बाग त्याचीच. सत्तरीचा असेल. मळकी पँट, खिशातून कात्रीच्या मुठी वर आलेल्या. तो पुढे बोलत चालला होता, माझा मुलगा आणि मित्र माना हलवत होते. मी गाडी घेऊन मागे. बाळ झोपलं होतं.

एका ठिकाणी सगळे थांबले. माझ्या हाताशी एक घड होता. हिरवा, कडक, इतका दाट की मण्यांत सुई जाणार नाही. मी त्याच्याकडे बघत राहिले. पुढचं मी ठरवून केलं नाही. माझ्या डाव्या हातानं घड तळातून उचलला आणि उजव्या हाताची नखं आत गेली. एक मणी, दुसरा, तिसरा. शेंड्याची वाकडी पाकळी. मग मागची बाजू. कात्री नव्हती म्हणून वेळ लागत होता, एवढंच मनात येत होतं. घड मोकळा झाला तेव्हा मी दुसऱ्याला हात घातला होता.

"आई!"

मुलगा ओरडला. सगळे वळले. माझ्या पायाशी हिरवे मणी पडले होते, पसाभर.

"अगं काय करतेस? ही वाईनची द्राक्षं आहेत, ती दाटच असतात! परक्याच्या बागेत हात लावतात का?"

म्हातारा जवळ आला. मला वाटलं, आता हा हाकलून देणार. त्यानं तो घड तळहातावर घेतला, फिरवून बघितला, उजेडाकडे धरला. मग त्यानं माझा हात बघितला. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कात्रीचा घट्टा आहे माझ्या, काम सोडून वर्षं झाली तरी गेलेला नाही. त्यानं आपला अंगठा पुढे केला. त्यालाही तिथेच घट्टा होता. तो मोठ्यानं हसला आणि काहीतरी बोलला. मग खिशातली कात्री काढून, मुठी माझ्याकडे करून, समोर धरली.

मित्राच्या बायकोला ती भाषा येत होती. "काकू, ते म्हणतात, असा सुबक हात त्यांनी बघितला नाही. विचारताहेत, किती वर्षं केलंत हे काम? एक घड कात्रीनं करून दाखवा म्हणताहेत."

सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या तोंडात उत्तर होतं, सतरा. एवढा एकच आकडा. पण तो मी उच्चारला असता तर पाच एकर आणि वीस बायका तिथेच खाली पडल्या असत्या, आणि मुलाचं तोंड कुठे राहिलं असतं? मला वाटलं, हे त्यानंच सांगावं. चर्चमध्ये खांबाजवळ बोलला तसं.

"तू सांग रे," मी त्याला म्हटलं.

त्याला कळलं मी काय मागतेय ते. क्षणभर माझ्याकडे बघितलं त्यानं. मग म्हाताऱ्याकडे वळून तो त्यांच्या भाषेत दोन वाक्यं बोलला. म्हाताऱ्याचं हसू गेलं. पुढे केलेली कात्री हळूहळू मागे गेली.

"नाही तर काय!" मित्राची बायको मला कोपरानं ढोसत म्हणाली. "सवय नाही तिला, मजुरांचं बघून बघून हात गेला, म्हणाला हा. मालकीणबाई तुम्ही, तुम्हाला कुठली सवय!"

म्हाताऱ्यानं माझ्या अंगठ्याकडे पुन्हा एकदा बघितलं, मग माझ्या मुलाकडे. कात्री खिशात घालून पुढे चालायला लागला.

मित्र आपल्या गाडीनं गेल्यावर आमच्या गाडीत मुलगा म्हणाला, "आई, रागावलीस?"

"नाही."

"इथे तसं सांगता येत नाही गं. लोक वेगळ्या नजरेनं बघतात."

"तो म्हाताराच कात्री घेऊन उभा होता," मी म्हटलं.

"त्याची गोष्ट वेगळी. तो मालक आहे."

सून खिडकीबाहेर बघत होती. घरी आल्यावर मी बाळाला न्हाऊ घातलं आणि भाकरी टाकल्या.

नाशिकला परत आल्यावर मी एकदा निफाडला गेले, माझ्या जुन्या टोळीतल्या बायकांना भेटायला. विरळणी चालू होती. त्यांनी मला बांधावर बसवलं, चहा दिला. माझ्याबरोबरची सगळ्यात थोरली, आम्ही तिला आक्का म्हणतो, ती म्हणाली, "काय गं इमानवाली, काय काय पाहिलं तिकडं? आमच्यासारखी बाग हाय का?"

मी त्यांना दाटीच्या घडाचं सांगितलं. माझ्या नखांचं सांगितलं. "लय भारी!" एक जण ओरडली. "परक्या मुलखात जाऊनबी हात गप बसला नाय हिचा!" म्हाताऱ्यानं अंगठ्याला अंगठा लावला, हे ऐकून तर त्या हसून वाकल्या.

"मंग?" आक्का म्हणाली. "तुझा पोरगा काय बोलला?"

सगळ्यांच्या कात्र्या थांबल्या होत्या.

"तो म्हणाला," मी म्हटलं, "माझ्या आईनं सतरा वर्षं हेच काम केलं, आणि त्यावरच मी शिकलो."

आक्कानं पदरानं डोळे पुसले. "पोरगं गुणाचं निघालं गं तुझं," ती म्हणाली. मग तिनं आपली कात्री माझ्या हातात दिली आणि मी ओळीत जाऊन उभी राहिले.